मिसरी पाणी पीत नाही

डॉ. मधुमती बिडकर ह्यांचं निम्मं आयुष्य लोकांना पाणी पिऊ नका म्हणून सांगण्यात गेलं होतं. मूत्रपिंडाच्या डॉक्टर त्या. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाला एक लिटर, त्यातच चहा धरायचा, वरण धरायचं, कलिंगडाची फोडसुद्धा धरायची, हे त्या जयपुरात वीस वर्षं घसा फोडून सांगत आल्या होत्या आणि लोक वीस वर्षं चोरून पाणी पीत आले होते. एक चांगला शिकलासवरलेला प्राध्यापक वॉर्डातल्या एसीच्या नळीखाली पेला धरून उभा असताना त्यांनी स्वतः पकडला होता. आणि आता मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, जिला चाळीस लिटर प्यायची पूर्ण मोकळीक होती ती घोडी बादलीकडे पाठ करून उभी होती. ह्याला काय म्हणायचं?

घोडीचं नाव मिसरी. तांबूस रंग, कपाळावर पांढरा टिळा, टोकाशी एकमेकांना भिडणारे मारवाडी कान. मधुमतीबाईंची मुलगी ज्ञानदा शाळेत असताना जयपूरजवळच्या बस्सी गावी द्वारकाप्रसादांच्या तबेल्यात घोड्यावर बसायला शिकली आणि ह्या घोडीच्या अशी काही प्रेमात पडली, की बाईंनी घोडी विकतच घेतली आणि तिथेच ठेवली. पुढे ज्ञानदा नोकरीला बंगळुरूला गेली. बाईंचे यजमान राजरत्न बँकेच्या बदलीवर गुवाहाटीला गेले. मिसरी राहिली. दर रविवारी बाई बस्सीला जायच्या, तिच्या मानेवरून हात फिरवायच्या आणि परत यायच्या. आठवड्यातला हा एक तास त्या कुणालाही काही समजावून सांगत नसत, म्हणून तो त्यांना फार आवडायचा.

तो तासही त्यांनी स्वतःच्या हातानं घालवला. एप्रिलमधल्या एका रविवारी द्वारकाप्रसादांनी बोअरचं पाणी त्यांना प्यायला दिलं. बाईंनी एक घोट घेतला, चूळ भरून टाकली आणि उरलेलं बाटलीत भरून इस्पितळात तपासायला नेलं. डायलिसिसचं पाणी तपासणारा माणूस हाताखालीच होता. अहवाल आला: क्षार भरमसाट, फ्लोराइड मर्यादेबाहेर, हाडं वाकवील इतकं. पुढच्या रविवारी तो कागद नाचवतच त्या बस्सीला पोचल्या.

"मुक्या जनावराला तुम्ही विष पाजता आहात," त्या हिंदीत म्हणाल्या.

द्वारकाप्रसाद साठीचे, शांत. कागदाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "मैडमजी, मेरे पिताजी ने भी यही पानी पिया, सारी उमर."

"तरीच त्यांचे गुडघे वाकले होते," बाई म्हणाल्या.

म्हातारबाबांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. द्वारकाप्रसाद वळून मिसरीच्या घमेल्यात पाणी ओतू लागले. आपली वाक्यं खरी असतात एवढ्यावर मधुमतीबाई नेहमीच समाधानी असत. ती कुठं लागतात ते बघायची सवय त्यांना नव्हती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रक घेऊन त्या आल्या, तेव्हा द्वारकाप्रसादांनी स्वतः मिसरीला मोरकी चढवली आणि ती ट्रकमध्ये चढेपर्यंत तिच्याशी काहीतरी बोलत राहिले.

शहरात मानसरोवर वस्तीच्या पुढं एका जुन्या रुग्णाचा मोकळा प्लॉट होता. तिथं बाईंनी पत्र्याची शेड घातली, वर वाळ्याचे पडदे लावले, पंखा लावला आणि इस्पितळातल्या माणसाला पकडून आरओचं यंत्र बसवून घेतलं. जयपुरातल्या कुठल्याही घोड्याला मिळत नसेल असं पाणी. शेडच्या खांबाला त्यांनी एक तक्ता टांगला. डाव्या बाजूला आत किती गेलं, उजव्या बाजूला बाहेर किती आलं. वॉर्डात असतो तसाच.

शुक्रवारी सकाळी मिसरी शेडमध्ये उतरली. बादलीत तोंड घातलं, वास घेतला, वरचा ओठ उलटा करून दात दाखवले आणि बाजूला झाली. संध्याकाळपर्यंत डावीकडच्या रकान्यात शून्य.

"प्रवासाचा शीण असेल," बाई प्लॉटच्या चौकीदाराला म्हणाल्या. चौकीदार मान हलवून म्हणाला की घोडी तर तहानलेलीच दिसते. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्या तर तिथंही तीच कथा. घरात त्यांचे वडील होते, हरिभाऊ. बाई त्यांना आप्पा म्हणायच्या. ब्याऐंशी वर्षांचे, मंगळवेढ्याजवळच्या खेड्यातले निवृत्त पोस्टमन. आई गेल्यावर एकटे राहात होते. दोनदा चक्कर येऊन पडले, म्हणून जानेवारीत बाईंनी त्यांना जयपूरला आणलं. चांगली हवेशीर खोली दिली, टीव्ही दिला, दिवसभराची बाई ठेवली. आप्पांचं एकच तुणतुणं.

"मधू, हितल्या पाण्याला चव न्हाई गं."

"पाण्याला चव नसतेच, आप्पा. शाळेत शिकवतात."

"असतीय."

तर आप्पांचाही तक्ता होता, फ्रिजवर चिकटवलेला. रोज आठ पेले. मार्चमध्ये तक्ता एकदम छान भरला, सगळ्या खुणा हिरव्या, आणि आप्पांच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड दमल्याची खूण, मात्र वर गेलं. बाई चक्रावल्या. मग एक दिवस गच्चीतली तुळस मुळाशी कुजून मेली, तेव्हा उलगडा झाला की आप्पांचे आठ पेले कुठं जात होते. त्या दिवशी बाई इतक्या चिडल्या, की संध्याकाळभर बोलल्या नाहीत. मूत्रपिंडाच्या डॉक्टरचा बाप पाण्यावाचून आजारी पडतो, हे लोकांनी ऐकलं असतं तर?

आणखी एक गोष्ट होती. गावचं घर कुलूप लावून ठेवलंय, असं त्यांनी आप्पांना सांगितलं होतं. दोन खोल्या, पडवी, मागे आड. आप्पांनी डिसेंबरात मुखत्यारपत्रावर सही केली होती, न वाचता, मधू सांगते म्हणून. फेब्रुवारीत बाईंनी ते घर शेजाऱ्याला विकून टाकलं. आप्पांना हे सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं होतं म्हणजे सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मिसरी साडेतीन लिटर पाणी प्यायली आणि थांबली. साडेतीन! एवढं तर तिच्या घामातच गेलं असणार. बाईंनी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच बसायला हवी होती. ती तशीच उभी राहिली, मग सावकाश खाली गेली. हिरड्यांवर बोट टेकलं तर चिकट लागलं. लीद बारीक, सुकी, खडे पडल्यासारखी.

मग सुरू झाले प्रयोग. बादली काळी होती, ती बदलून निळी आणली. पाण्यात बर्फ घातला. बर्फ काढून कोमट केलं. गूळ घातला. मीठ-साखरेचं द्रावण केलं, घोडीच्या वजनाला लागेल तेवढं, हिशेब करून. मिसरीनं प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे वास घेतला आणि प्रत्येक वेळी नाक मुरडलं. कोंडा भिजवून दिला, तर वरवरचा खाल्ला आणि ओला गाळ खाली ठेवला. शेवटी बाईंनी ओंजळीत पाणी घेऊन तिच्या ओठांना लावलं. मिसरी शिंकली. बाईंचा चष्मा, साडी, इस्पितळाचं ओळखपत्र, सगळं ओलं झालं.

"अगं, पी ना!" बाई ओरडल्या. "तिकडे माझे रुग्ण नळ चोखतायत आणि तू..."

ओपीडीत त्या दिवशी जो जो जास्त पाणी प्यायला होता त्याची कंबख्ती होती. एका पगडीवाल्या आजोबांना त्या एवढ्या बोलल्या, की आजोबांच्या सुनेनं डोळ्यांना पदर लावला. ज्ञानदाचा फोन आला.

"मम्मी, तू द्वारका अंकलना फोन का नाही करत? मतलब, त्यांना माहीत असेल ना."

"मला कळतं गं."

"कळतं तर ती पीत का नाहीये?"

ह्यावर बाईंनी वॉर्डातून बोलावणं आल्याचं सांगून फोन ठेवला. बोलावणं आलं नव्हतं.

संध्याकाळी जनावरांचा डॉक्टर आला. संकेत मोघे, तिशीतला, जन्मच जयपूरचा, त्यामुळे मराठी जरा अडखळत. त्यानं मिसरीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि चेहरा लांब केला.

"आतडं स्लो झालंय, मॅडम. अजून बंद नाहीये. पण असंच राहिलं तर चारा आत सुकून अडकणार. मग पोटशूळ. चौदा वर्षांची आहे, ऑपरेशनमधून निघेल असं मी नाही सांगू शकत."

"म्हणजे?"

"मतलब, जाऊ शकते. उद्या दुपारपर्यंत नाही प्यायली तर नाकातून नळी घालून पाणी सोडू. पण ते एक-दोनदा. रोज नाही करू शकत." तो थोडा घुटमळला. "मॅडम, पाणी बदललंय ना हिचं? घोडे ओळखतात. थोडं जुनं पाणी मिसळून बघा, मग हळूहळू..."

बाईंनी पर्समधून अहवाल काढला आणि त्याच्या हातात दिला. "वाच. हे पाजू?"

संकेतनं तो वाचला, घडी घालून परत दिला. ज्येष्ठ डॉक्टरबाईंशी वाद घालायची त्याची ताकद नव्हती. "उद्या बारा वाजता येतो," एवढंच म्हणाला.

बाईंना त्याचा राग आला, घोडीचा आला, वाळ्याच्या पडद्यांचाही आला. चूक कुठं होती? पाणी शुद्ध होतं. बादली स्वच्छ होती. तक्ता व्यवस्थित होता. इतकं सगळं बरोबर करूनही जनावर डोळ्यांदेखत सुकत चाललं होतं आणि त्यांच्या वीस वर्षांच्या अनुभवाला ते काडीची किंमत देत नव्हतं.

रविवारी आप्पांकडे बघणारी बाई सुट्टीवर होती, म्हणून बाईंनी आप्पांनाही गाडीत घातलं. शेडमध्ये खुर्ची टाकून त्यांना पंख्याखाली बसवलं. मिसरी उभी होती, पण आज मान खाली. मधूनच वळून स्वतःच्या कुशीकडे बघायची आणि पुढचा पाय जमिनीवर घासायची. पोट दुखायला लागल्याची ती खूण होती. बाईंनी वाचलं होतं. साडेनऊ वाजले होते.

आप्पा खुर्चीतून उठले. काठी टेकत बादलीपाशी गेले, वाकले, चूळभर पाणी घेतलं आणि बाजूला थुंकले.

"ह्ये आपल्या घरातलंच पाणी हाय."

"तसलंच यंत्र आहे, आप्पा. त्याहून चांगलं."

"मग कशी पिईल ती?"

"आप्पा, प्लीज. आता नको. तिला तहान लागत नाहीये, तिच्या शरीरातले क्षार..."

"तहान लागलीय की तिला. जीभ बघ कशी करतीय." आप्पांनी मिसरीच्या कपाळावर हात ठेवला. "ती पाणी बघतीय, पर तिला ह्ये पाणी वाटत न्हाई. मला बी वाटत न्हाई. चार म्हैने झालं, औषिध घेतल्यावानी घेतोय. तुला सांगून सांगून दमलो."

मिसरीनं पुन्हा पाय घासला. मग तिचे पुढचे गुडघे वाकायला लागले, आडवं पडण्यासाठी, आणि चौकीदार धावत येऊन मोरकी ओढून तिला उभं करू लागला.

बाईंनी फोन काढला. द्वारकाप्रसादांचा नंबर समोर होता. ते काय म्हणतील ते त्यांना पाठ होतं. बापाच्या गुडघ्यांचं काढतील. कागदाचं विचारतील. त्यांच्या जागी आपण असतो तर नक्की विचारलं असतं, सोडलं नसतं. तरी त्यांनी फोन लावला.

"द्वारकाजी, मी मधुमती. मिसरी पाणी पीत नाहीये. परवापासून."

पलीकडून प्रश्न आला, "लीद कैसी है?"

"सुकी. खडे."

"बैठने मत देना. टहलाते रहो. मैं पानी लेकर आ रहा हूँ."

बस. एवढंच. बाई फोन कानाला धरून तशाच उभ्या राहिल्या, कारण पुढचं काहीतरी येईल अशी त्यांनी तयारी केली होती, आणि ते आलंच नाही. ते आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

पुढचा सव्वा तास त्या आणि चौकीदार आळीपाळीनं मिसरीला प्लॉटवर फिरवत होते. ऊन चढलं होतं. घोडी चार पावलं टाकायची, थांबायची, बाईंच्या खांद्यावर डोकं टेकायची. "चल गं बाई, चल गं माझी," बाई म्हणत होत्या. हा आवाज इस्पितळात कुणी ऐकला नव्हता.

द्वारकाप्रसादांची पिकअप आली. मागं दोन निळी पिंपं आणि मिसरीचं जुनं लोखंडी घमेलं, काठाशी पोचा आलेलं. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी घमेलं जमिनीवर ठेवलं, पिंपाचं तोंड उघडलं, पाणी ओतलं. जरा पिवळसर. वर एक काडी तरंगत होती. बाईंचा हात काडी काढायला पुढं झाला आणि मागं आला.

मिसरीचे कान उभे राहिले. तिनं वास घेतला. मग तोंड घातलं आणि प्यायला लागली. गळ्याखाली एकेक घोट उतरताना दिसत होता. मधुमतीबाई मोजू लागल्या, सवयीनं, आणि तिसाच्या पुढं त्यांना मोजता येईना, कारण डोळ्यांपुढं सगळं पुसट झालं होतं. द्वारकाप्रसादांनी दोन वेळा घमेलं बाजूला ओढलं, मिसरीला दम खाऊ दिला, पुन्हा पुढं केलं. एकदम ढोसू द्यायचं नसतं, तेही त्यांना ठाऊक होतं.

बारा वाजता संकेत आला, नळीची पेटी घेऊन. पोटाला कान लावून म्हणाला, "चालू झालंय." पेटी न उघडताच गाडीत ठेवली. मिसरीनं तेवढ्यात चांगली ओलसर लीद टाकली आणि पाच शिकलेली माणसं तिच्याकडे बघून हसली. चौकीदारालाही धरलंय ह्यात, त्याचंच म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं.

"द्वारकाजी," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमच्या वडिलांबद्दल जे बोलले..."

"घुटने तो थे टेढ़े," द्वारकाप्रसाद म्हणाले. "आप झूठ थोड़े ही बोलीं." आणि दुसरं पिंप हलवायला वळले. ते रागावले असते तर बाईंना माफी पुरी करता आली असती. आता ती अर्धीच तोंडात राहिली.

ठरवायला फार वेळ लागला नाही. मिसरी बस्सीला परत जाणार. पाणी हळूहळू गोडं करायचं, महिनाभर आरओचं मिसळत, द्वारकाप्रसादांच्या हातानं. उन्हं कलली तेव्हा त्यांच्या ओळखीचा ट्रक आला. मिसरी न ओढता फळीवरून चढली. बाईंनी खांबाचा तक्ता काढला, दोन तुकडे केले आणि कुठं टाकावे ते न कळून पर्समध्येच घातले.

आप्पा दुपारपासून खुश होते. द्वारकाप्रसादांनी त्यांना पिंपातलं पाणी पेलाभर दिलं होतं, आणि बाईंनी नको म्हणायच्या आत आप्पांनी ते संपवून दुसरा मागितला होता. "आहा," ते म्हणाले होते, "अगदी आपल्या आडाचं. तसंच मचूळ." बाईंच्या पर्समध्ये अहवाल होता. त्यांनी तो काढला नाही.

ट्रकचं मागचं फळकूट लागलं. द्वारकाप्रसाद पिकअपमध्ये बसायला निघाले. आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून ट्रककडे बघत होते.

"तिला न्हेलं," ते म्हणाले. "मला कवा न्हेतीस, मधू?"

हट्ट नव्हता त्यात. रेल्वेची वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं. बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते रोजचंच, उन्हाळा संपला की बघू. ते ओठापर्यंत आलंही. पण आज पुन्हा तीच थाप मारायची त्यांची हिंमत होईना.

"आप्पा, घर मी विकलं," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत. शेजारच्यांनी घेतलं. तुमच्या सहीवर."

आप्पांनी वळून बघितलं नाही. ट्रक सुरू झाला, धूळ उडाली, मिसरीच्या शेपटाचं टोक फळकुटावरून दिसत होतं.

"आड?"

"बुजवला त्यांनी. गाडी लावायला जागा केली."

आप्पांनी खालचा ओठ दाताखाली धरला. बाईंना वाटलं, आता ओरडावं ह्यांनी, काठी उगारावी, काहीही करावं. वीस वर्षं लोकांना वाईट बातम्या सांगितल्या होत्या; सांगून झाल्यावर काय करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, कारण तोवर त्या पुढच्या खाटेकडे गेलेल्या असायच्या.

"त्या माणसाला थांब म्हणावं," आप्पा शेवटी म्हणाले. "पिंपात उरलं आसंल थोडं. एक कॅन भरून घे."

मधुमतीबाई पळाल्या. पन्नाशीची बाई, साडीत, धुळीतून, हात हलवत. पिकअप फाटकाशी थांबली. बाईंच्या गाडीच्या डिकीत इस्पितळाचा एक रिकामा पांढरा कॅन होता. द्वारकाप्रसादांनी काही न विचारता तो भरून दिला. कॅन जड होता आणि झाकण नीट बसत नव्हतं, त्यामुळे परत येताना बाईंच्या पावलांवर पाणी सांडत होतं.

"दिवसाला दोन पेले, आप्पा," त्या म्हणाल्या. "जास्त नाही."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि पेला पुढं केला.